गुडघ्याखालची गाडी

गाडीत बसल्याबसल्या डोळे जिथं जातात, तिथं कंपनीनं पैसे ओतलेलेच असतात. स्क्रीन, तिच्याखालची लाकडाची पट्टी, रंग बदलणारे दिवे, स्टिअरिंगवरची शिलाई. साठ ते ऐंशी लाखांच्या सेडानमध्ये हे सगळं देखणं असणारच. खरा फरक गुडघ्याखाली सुरू होतो. दाराच्या खणाच्या आतल्या भिंतीला, सीटच्या रुळाशेजारी, आर्मरेस्टच्या पोटाला, ग्लोव्हबॉक्सच्या बिजागरीपाशी. तिथं हात क्वचित जातो, नजर तर जातच नाही. मेबॅक, मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, लेक्सस अशी नावं घेऊन वाद घालण्यापेक्षा त्या जागी बोटं फिरवली तर पाच मिनिटांत जास्त कळतं.

आणि हे बोटांचं शहाणपण कोल्हापूरला नवं नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांत, निम्म्या मिलिमीटरसाठी माल परत येतो, हुपरीत दागिना चांदीचाच आहे की नुसता मुलामा हे बघणारे आहेत, चप्पल लाईनला चामडं दुमडून त्याची जात सांगणारे आहेत. फक्त गाडी घेताना आपण ते सगळं घरी ठेवून जातो आणि विक्रेता दाखवेल तो दिवा बघत बसतो.

प्लास्टिकपासून सुरुवात करू, कारण गाडीच्या आतल्या अंगात सगळ्यात जास्त तेच असतं. साचा दोन भागांचा असतो. ते भाग जिथं मिटतात तिथं वस्तूवर रेघ येते, ती पार्टिंग लाईन. फाउंड्रीत तिच्यावरचा जादा माल घासून काढतात, त्याला फेटलिंग म्हणतात, आणि ते न केलेला नग कुणी पुढं पाठवत नाही. प्लास्टिकच्या साच्यातही तोच मामला. साचा झिजला की कडेला पातळ पापुद्रा येतो, तो बोटाला धारदार लागतो. चांगल्या गाडीत ही रेघ मुळात दिसणाऱ्या किंवा हात लागणाऱ्या बाजूला आणलेलीच नसते. त्यासाठी साच्यात सरकते भाग बसवावे लागतात, साचा महागतो. दार ओढायच्या खाचेत चार बोटं आत घाला आणि वरच्या कडेवरून अंगठा न लावता फिरवा. तिथं रेघ लागली तर पैसे वाचवले आहेत. मग हीच तपासणी कपहोल्डरच्या आतल्या भिंतीला, सीट पुढंमागं करायच्या दांड्याला आणि सनव्हायझरच्या कडेला करा.

दुसरी खूण म्हणजे खळगे. प्लास्टिकच्या भागाला मागून बळकटीसाठी फासळ्या दिलेल्या असतात. फासळीची जाडी पुढच्या भिंतीच्या ५० ते ६० टक्क्यांपर्यंत ठेवायची असते. त्याहून जाड झाली की तिथलं प्लास्टिक उशिरा थंड होतं, आकसतं आणि पुढच्या बाजूला हलका खळगा पडतो. समोरून तो दिसत नाही. मोबाईलची बॅटरी लावून उजेड पृष्ठभागाला जवळजवळ समांतर टाका, लगेच दिसेल. दोन सीटांमधल्या कन्सोलच्या बाजूला, गुडघा टेकतो तिथं, हे हमखास बघावं.

मऊ प्लास्टिक म्हणजे भारी आणि कडक म्हणजे हलकं, हा समज मात्र सोडून दिलेला बरा. जिथं बूट आपटतो, चिखल लागतो, ओली छत्री टेकते, तिथं कडकच हवं, पुसता येतं. बघायचं ते इतकंच, की वरच्या मऊ भागाची पोत आणि खालच्या कडक भागाची पोत एकमेकांना मिळतात का, आणि दोघांची चकाकी सारखी आहे का. शोरूमच्या दिव्यांत रंग जुळतात. दुपारी बाराच्या उन्हात गाडी बाहेर काढली की खालचा भाग पांढुरका चमकतो आणि वरचा मॅट राहतो. म्हणून ही जोडी उन्हातच पडताळावी, आणि शक्यतो बेज किंवा तपकिरी केबिनमध्ये. काळ्या रंगात सगळं खपून जातं.

डॅशबोर्डचा वरचा भाग महाग गाडीत तीन थरांचा असतो: खाली कडक सांगाडा, मध्ये काही मिलिमीटर फोम, वर साधारण एक मिलिमीटरची कातडी. ही कातडी निकेलच्या तापलेल्या कवचात पीव्हीसीची भुकटी वितळवून बनवतात. कवचावर चामड्याची पोत कोरलेली असते, ती जशीच्या तशी उतरते. त्याच कवचात टाक्यांची नक्षीही उतरवता येते. खोटी शिलाई ओळखायची तर दोऱ्याचा आणि कातडीचा रंग बघा. दोन्ही अगदी एकच असतील आणि टाक्याच्या शेजारची कातडी जराही ओढली गेली नसेल, तर तिथं दोरा नाहीच. कधी खरा दोराही नुसता शोभेसाठी मारलेला असतो, तो काही जोडत नाही. त्यात फसवणूक आहे असं मला वाटत नाही, पण त्यासाठी वेगळे लाख मोजू नयेत.

उष्णतेचं गणित तर पुष्कळांना ऐकून खोटं वाटतं. खनिज मिसळलेल्या पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकची दीड मीटर लांबीची पट्टी ४० अंशांच्या फरकात चार मिलिमीटरच्या आसपास वाढते; तेवढंच लोखंड पाऊण मिलिमीटरही वाढत नाही. आणि डॅशबोर्ड तर सहसा धातूच्या दांड्यावर बसवलेला असतो. पहाटे गारठ्यात उभी असलेली गाडी एप्रिलच्या दुपारी रस्त्याकडेला तापली की हे दोन जीव एकमेकांवर घासायला लागतात. चांगल्या बांधणीत त्यासाठी लांबट भोकं, सरकत्या क्लिपा आणि जिथं प्लास्टिकला प्लास्टिक लागतं तिथं फेल्टची, म्हणजे दाबलेल्या जाड कापडाची, पट्टी दिलेली असते. ती नसली की कुरकुर सुरू होते, आणि ती सकाळी वेगळी, दुपारी वेगळी येते. म्हणून एकाच टेस्ट ड्राइव्हवर विश्वास ठेवू नये. महामार्गावर शंभरच्या वेगात सगळ्याच गाड्या शांत असतात. गगनबावड्याच्या वाटेवरचा एखादा उखडलेला तुकडा गाठा, वेग २०-३० ठेवा, पंखा आणि गाणी बंद करा, आणि त्याआधी टायरमधली हवा दारावरच्या तक्त्याप्रमाणे करून घ्या. वाहतुकीत नव्या गाडीच्या टायरात हवा जास्त भरलेली असते. ती तशीच राहिली तर गाडी विनाकारण कडक आणि खडखडी वाटते.

कुरकुरीचं आणखी एक कारण कारखान्यात नाही, गल्लीत जन्मतं. स्पीकर बदलायला, डॅशकॅमची वायर टाकायला दाराचं पॅनेल किंवा काचेशेजारच्या खांबावरचं कव्हर उचकटलं जातं. आतल्या क्लिपा एकदाच नीट बसतील अशा असतात. काढताना दोन-चार तुटतात, उरलेल्यांची पकड ढिली होते, आणि तेच पॅनेल हातानं थोपटून परत बसवलं जातं. नवीन क्लिपांचा संच फार महाग नसतो. काम देण्याआधीच तो आणून ठेवा आणि समोर उभं राहून बदलून घ्या.

आता चामडं. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यावर कमावलेलं. ते तेलानं, घामानं मुरतं, उजेडात गडद होतं, पायाचा घाट घेतं. त्या गुणांमुळंच ती चप्पल चप्पल आहे, आणि २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पण तेच गुण गाडीच्या सीटवर दोष ठरतात. तिथं रंग दहा वर्षं हलता कामा नये, भिजून वाळल्यावर कडक होता कामा नये, आणि जाडी सव्वा मिलिमीटरच्या आसपासच हवी, म्हणजे ते कोपऱ्यात वळतं. म्हणून गाडीचं चामडं बहुतेक क्रोमवर किंवा क्रोम टाळून रसायनांवर कमावतात आणि वर रंगाचा आणि पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा थर देतात. आपण बसतो ते या थरावर. पाण्याचा थेंब टाकून ‘बघा, मुरत नाही, नकली आहे’ असं सांगणारे भेटतात. थर दिलेल्या अस्सल चामड्यातही पाणी मुरत नाही. तेव्हा ही परीक्षा इथं कामाची नाही.

कामाची परीक्षा दुसरी. मोबाईलचा कॅमेरा जवळ नेऊन पोत मोठी करून बघा. निसर्गानं दिलेली छिद्रं अनियमित असतात; मानेकडच्या भागात वेगळी, पाठीच्या भागात वेगळी. ठराविक अंतरानं तीच नक्षी परत परत येत असेल तर वरचा थर घासून त्यावर छाप मारलेला आहे. चामडं तेही खरंच, पण हलक्या प्रतीचं. मग अंगठ्यानं दाबा. चांगल्या चामड्यावर अंगठ्याभोवती बारीक सुरकुत्या पसरतात आणि बोट काढल्यावर मिटतात. जिथं नुसता खड्डा पडतो, तिथं बहुधा विनाईल, म्हणजे प्लास्टिकचं चामडं, आहे. ‘लेदर सीट’ या शब्दांत पुष्कळदा पाठ आणि बूड टेकतं तेवढाच भाग चामड्याचा असतो. बाजू आणि सीटची मागची पाठ कृत्रिम असते. किंमतपत्रकात बारीक अक्षरांत ते लिहिलेलं असतं, वाचावं.

आणि कृत्रिम म्हणजे वाईट असंही नाही. मर्सिडीजचं आर्टिको, बीएमडब्ल्यूचं व्हेगान्झा ही कापडावर थर चढवलेली कृत्रिम सामग्रीच. छाप मारलेल्या हलक्या चामड्यापेक्षा मी ती घेईन. स्वच्छ करायला सोपी, रंग सगळीकडे एकसारखा. उणीव इतकीच, की ती घाम शोषत नाही आणि जुनी झाल्यावर चामड्यासारखी रुबाबदार दिसत नाही.

चामड्याला क्रीम चोपडणाऱ्यांना एक सांगणं आहे: थर असलेल्या चामड्यात क्रीम फारसं आत जात नाही, वर बसतं आणि धूळ धरतं. दोन-तीन महिन्यांतून एकदा सौम्य, आम्ल नाही अन् क्षारही नाही असा क्लीनर मऊ ब्रशवर घेऊन, कापडानं पुसून काढलं की झालं. सगळ्यात आधी झिजते ती ड्रायव्हर सीटची बाहेरची उशी, कारण उतरताना माणूस तिच्यावरून घसरतो. जुनी गाडी बघताना मीटरवरचे किलोमीटर आणि ही उशी यांचा मेळ घाला. मीटर तीस हजार सांगतं आणि उशीचा रंग उडालाय, तर मीटरवर विश्वास ठेवू नका.

हलक्या रंगाच्या सीटचे इथले दोन वैरी म्हणजे नवी जीन्स आणि गुलाल. जीन्सची निळाई लगेच पुसली तर निघते, दोन उन्हाळे गेले तर थरात शिरते. गुलालाचं तंत्र मात्र उलटं आहे. जोतिबाहून किंवा मिरवणुकीतून आल्यावर पहिला हात ओल्या फडक्याला जातो आणि तिथंच घात होतो, कारण पाणी लागलं की रंग विरघळून शिलाईत उतरतो. आधी कोरडा ब्रश, मग व्हॅक्यूम, शिलाईच्या कडेनं पुन्हा व्हॅक्यूम, आणि अगदी शेवटी जेमतेम ओलसर कापड. सीटला बारीक भोकं आणि आत पंखा असेल तर गुलाल अंगावर असताना तो पंखा लावूच नये. काही गाड्यांत तो हवा आत ओढतो, सगळी भुकटी फोममध्ये जाते.

हे टाळायला सीटकव्हर घालण्याचा मोह होतो. या किमतीच्या गाडीत बहुतेक वेळा पुढच्या सीटच्या बाहेरच्या बाजूला एअरबॅग असते. ती फुटताना ठरलेल्या शिलाईतून बाहेर येते, आणि ती शिलाई मुद्दाम ठराविक ताकदीच्या दोऱ्यानं घातलेली असते. वरून घट्ट कव्हर आलं की तिचा रस्ता अडतो. त्याहून वाईट म्हणजे ती शिलाई उसवली म्हणून चपलेच्या वादीसारख्या दणकट दोऱ्यानं कुणाकडून तरी शिवून घेणं. आपल्याकडचे कारागीर असं शिवतील की बैल ओढून तुटणार नाही, आणि इथं नेमकं तेच नको आहे. सीटच्या कडेला ‘एअरबॅग’ अशी चिठ्ठी असेल त्या बाजूला सुई लावू देऊ नका.

लाकूड आणि धातू यांचं थोडक्यात. गाडीतलं खरं लाकूड म्हणजे अर्धा-पाऊण मिलिमीटरचा पापुद्रा, मागं आधार दिलेला, जेणेकरून अपघातात ढलपे उडू नयेत. चकचकीत लाखेचा जाड थर उन्हात कालांतरानं तडकू शकतो, आणि तडा गेला की पूर्ण पट्टी बदलावी लागते. उघड्या छिद्रांचं मॅट लाकूड जास्त निभतं, ओरखडाही कमी दिसतो. डाव्या आणि उजव्या पट्टीतल्या रेषा आरशातल्यासारख्या जुळत असतील तर दोन्ही एकाच ओंडक्याच्या लागोपाठच्या पापुद्र्यांतून घेतल्या आहेत. ते काम निगुतीचं. धातूची ओळख सकाळी, एसी लावायच्या आधी करावी: अॅल्युमिनियम हाताला गार लागतं, रंगवलेलं प्लास्टिक लागत नाही. क्रोम दिलेल्या प्लास्टिकवर आधी तांबं, मग निकेल, मग क्रोम चढवतात. कडेला फुगा आला की पुढं पापुद्रे निघणार हे मुलाम्याचं काम बघितलेल्याला सांगायला नको.

स्क्रीनवर फार शब्द खर्च करण्यात अर्थ नाही. २०२४ मध्ये भारतात आलेल्या मर्सिडीजच्या लांब व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर वाढवलेल्या) ई-क्लासमध्ये मधोमध १४.४ इंचांची स्क्रीन, त्याच वर्षीच्या बीएमडब्ल्यूच्या लांब ५ सीरीजमध्ये १४.९ इंचांची. ५ सीरीजनं एसीच्या जाळ्या जवळजवळ अदृश्य केल्या आणि तापमान स्क्रीनवर नेलं. २०१८ च्या पिढीच्या ऑडी ए६ मध्ये दोन टचस्क्रीन, दाबल्यावर टिक्क करणाऱ्या, आणि भोवती भरपूर चकचकीत काळं प्लास्टिक. त्यावर बोटांचे ठसे आणि फडक्याचे ओरखडे दिसणारच, तिथं कोरडं कापड कधी फिरवू नये. त्याच सुमाराची लेक्सस ईएस आज जुनाट दिसते, पण एसीची बटणं जागेवर आहेत. घाटात, धुक्यात, काच धूसर झाल्यावर बटण न बघता सापडतं. त्या क्षणी मी लेक्ससच्या बाजूनं. दहा वर्षांनी कुठलीही स्क्रीन जुन्या मोबाईलसारखी दिसेल, तेव्हा तिच्याभोवतीचं काम कसं आहे ते उरेल. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला दसरा चौकात येणारी छत्रपती घराण्याची १९३० च्या दशकातली मेबॅक अजून नजर खिळवते ती स्क्रीनच्या जोरावर नव्हे.

मागच्या सीटचं मात्र सविस्तर बघावं, कारण इथं गाडी पुष्कळदा घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी घेतात. ई-क्लासचा व्हीलबेस ३०९४ मिलिमीटर, ५ सीरीजचा ३१०५. पाय पसरायला दोन्हीत जागा भरपूर. पण लांब व्हीलबेस म्हणजे आराम असं समीकरण नाही. सीटचं बूड मांडीला गुडघ्याच्या जवळपर्यंत आधार देतं का, की मांडी हवेत राहते? पुढची सीट पूर्ण खाली केल्यावर तिच्याखाली पाऊल सरकतं का? पायांशी मधोमध असलेला उंचवटा किती उंच आहे? सेडान बुटकी असते, नऊवारीतल्या आजींना आधी बसून मग पाय आत घ्यावे लागतात. तेव्हा उंबऱ्याची उंची आणि त्याची रुंदी महत्त्वाची, नाहीतर दर पावसाळ्यात साडीचा काठ चिखलात. आजींनाच बरोबर घेऊन जावं आणि चार वेळा चढउतार करायला लावावं. विक्रेता कंटाळला तरी चालेल.

दार लावल्यावरचा ‘धप्प’ आवाज रचलेला असतो. पत्र्याच्या आत डांबरासारख्या किंवा ब्यूटाइल रबराच्या पट्ट्या चिकटवल्या, कुलूप मऊ केलं, रबर दुहेरी दिलं की तो येतो. त्यापेक्षा काचेच्या कोपऱ्यातला शिक्का वाचा. बाजूच्या काचाही लॅमिनेटेड असतील तर दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर असतो, आवाज खरोखर अडतो. बांधणीचा ताठपणा बघायचा तर एक चाक फुटपाथवर चढवून गाडी तिरकी उभी करा आणि चारही दारं उघडून लावा. सपाट जागेवर लागत होती तशीच लागली पाहिजेत.

पाणी हा तर आपल्याकडचा वेगळाच विषय. सनरूफ गळत नाही असं विक्रेते सांगतात. खरं म्हणजे सनरूफमधून थोडं पाणी आत येणारच, म्हणूनच त्याभोवती पन्हळ आणि चार कोपऱ्यांत नळ्या असतात. त्या खांबांमधून खाली उतरतात. पाल्यापाचोळ्यानं नळी तुंबली की पाणी छताच्या कापडावर आणि तिथून पायाशी. जूनच्या आधी पन्हळीत पेलाभर पाणी हळूहळू ओता आणि गाडीखाली ते कुठून पडतं ते बघा. पडलं नाही तर नळीत जोराची हवा मारू नका, खालचा जोड निसटतो. जाड नायलॉनचा दोरा अलगद घालून मोकळी करा. महाग गाडीत गालिच्याखाली जाड फोम असतो आणि तो आठवडेच्या आठवडे ओला राहतो, वरून कोरडा लागला तरी. त्याच्याखाली वायरिंगचे जोड असतात, काही गाड्यांत कंट्रोल युनिट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक मेंदूही. सुकवायचं तर सीट काढावी लागते. सीटखालचे पिवळे जोड एअरबॅगचे. बॅटरी सोडून काही मिनिटं थांबल्याशिवाय त्यांना हात लावू नये.

आणि वास. ऑडीनं १९८५ पासून गाडीतल्या वस्तू हुंगणारी माणसं ठेवली आहेत. जर्मन वाहन उद्योगाच्या पद्धतीत नमुना बंद बरणीत तापवतात, एका प्रकारात ८० अंशांना दोन तास, आणि वासाला १ ते ६ गुण देतात, ६ म्हणजे असह्य. हीच परीक्षा जुनी सेडान घेताना फुकट करता येते, आणि २०१९ व २०२१ च्या पंचगंगेच्या पुरानंतर ती करायलाच हवी. गाडी काचा बंद करून तासभर उन्हात उभी करा, मग दार उघडून आधी नाक आत घाला. चिखलाचा कुबट वास परफ्यूमच्या खालून वर येतो. नंतर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. गाडी धुताना बेल्टचं तेवढंच टोक विसरलं जातं, पुराची रेघ तिथं राहते. सीटच्या रुळाच्या बोल्टांवर गंज, स्टेपनीच्या खळग्यात रेती, गालिचा उचलल्यावर फोमच्या पोटाला गाळ. एअरबॅगची खूण किल्ली दिल्यावर लागून मग विझते की नाही तेही बघा, कारण बल्बच काढून टाकणारेही असतात. यातलं एकही सापडलं तर किंमत कमी करून मागू नका, गाडीच सोडून द्या, कारण कंट्रोल युनिटमधली ओल वर्षभरानंही त्रास देते आणि तेव्हा विक्रेत्याचा फोन लागत नाही.